एका देशाचे चार क्रमांक: नागपुरातल्या एका निवेदनासाठी स्पर्धात्मकता कशी मोजली गेली

पार्श्वभूमी

२०२४ च्या सुरुवातीला नागपुरातल्या उद्योजकांच्या एका संघटनेनं केंद्र आणि राज्य सरकारला द्यायचं निवेदन तयार करायला घेतलं. संघटनेचं नाव आणि सभासदांची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. निर्णय कसे होत गेले, तेवढं ठेवलं आहे.

सभासद चार प्रकारचे होते. बुटीबोरीतले सूतगिरणीवाले, हिंगणा औद्योगिक वसाहतीतले इंजिनिअरिंग कारखानदार, मँगनीजपासून फेरोअलॉय (पोलादात घालायचे मिश्रधातू) तयार करणारे, आणि काटोल-वरुड पट्ट्यातला संत्रा बांगलादेशला पाठवणारे निर्यातदार. कार्यकारिणीची मागणी साधी होती: निवेदनाच्या पहिल्या पानावर एकच ठसठशीत आकडा हवा, व्हिएतनाम आणि बांगलादेशच्या तुलनेत भारत जगाच्या बाजारात कुठे उभा आहे ते सांगणारा. काम तिघांच्या अभ्यासगटाकडे आलं. त्यात अर्थशास्त्राच्या एक प्राध्यापिका, निर्यातीची कागदपत्रं पाहणारे एक सीए आणि संघटनेचे सचिव होते.

अडचण

पहिल्या मसुद्यात सचिवांनी मिळतील ते सगळे क्रमांक एका तक्त्यात घातले. तिथेच गाडी अडली. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०१९ च्या स्पर्धात्मकता अहवालात भारत १४१ देशांत ६८ वा. आयएमडी या स्वित्झर्लंडमधल्या व्यवस्थापन संस्थेच्या त्याच वर्षीच्या यादीत ६३ पैकी ४३ वा. त्याच ऑक्टोबरात आलेल्या जागतिक बँकेच्या ‘डुइंग बिझनेस’ या व्यवसायसुलभतेच्या अहवालात १९० पैकी ६३ वा, आणि तिच्याच त्याआधीच्या वर्षीच्या लॉजिस्टिक्स (मालवाहतूक) निर्देशांकात १६० पैकी ४४ वा.

देश एक, काळ जवळपास एक, आणि क्रमांक चार. ४३ वा क्रमांक ६८ व्यापेक्षा चांगला वाटतो, म्हणून कार्यकारिणीतल्या काहींना आयएमडीचाच आकडा पुढे करायचा होता. सीएंनी प्रत्येक क्रमांकाला देशांच्या संख्येनं भागलं. फोरमच्या यादीत भारत वरून ४८ टक्क्यांवर, आयएमडीच्या यादीत ६८ टक्क्यांवर, डुइंग बिझनेसमध्ये ३३ आणि लॉजिस्टिक्समध्ये साधारण २८ टक्क्यांवर. जो क्रमांक सर्वांत चांगला म्हणून मिरवायचा होता, तोच तुलनेनं सर्वांत खालचा निघाला. कारण सरळ आहे. आयएमडी प्रामुख्यानं श्रीमंत आणि मध्यम उत्पन्नाच्या अर्थव्यवस्था घेते. त्या यादीत बांगलादेश नव्हता आणि व्हिएतनामही नव्हता, म्हणजे ज्यांच्याशी तुलना हवी होती तेच दोन देश गायब.

आणखी खोदल्यावर बाकीचे आकडेही डळमळले. फोरमनं २०१९ नंतर देशांची पूर्ण क्रमवारी काढलेली नाही. २०२० च्या विशेष अहवालात क्रमांकच नव्हते. डुइंग बिझनेस तर जागतिक बँकेनं सप्टेंबर २०२१ मध्ये आकडेवारीतल्या गैरप्रकारांमुळे बंद केलं. शिवाय त्यात भारताचे गुण मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांवरून ठरत. बुटीबोरीतल्या कारखान्याला परवाना मिळायला किती दिवस लागतात, याचा त्या ६३ व्या क्रमांकाशी काही संबंध नव्हता.

पहिला निर्णय: मोजायचं नक्की काय?

कोणता अहवाल घ्यायचा, यावर दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत प्राध्यापिकाबाईंनी सगळ्यांना एक पायरी मागे नेलं आणि व्याख्या आधी ठरवा, असा आग्रह धरला. या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वळण हेच, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

कंपनी स्पर्धेत हरली तर बंद पडते. देश बंद पडत नाही. १९९४ साली अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता: देश एकमेकांशी कंपन्यांसारखे स्पर्धा करत नाहीत, ते एकमेकांचे गिऱ्हाईकही असतात, आणि राहणीमान ठरतं ते मुख्यतः देशांतर्गत उत्पादकतेवरून. हा आक्षेप बुटीबोरीत तंतोतंत लागू पडत होता. मसुद्यात बांगलादेशचं नाव ‘प्रतिस्पर्धी’ म्हणून होतं, पण सूतगिरणीवाल्या सभासदांच्या मालाचा मोठा खरेदीदार बांगलादेशच. तिथल्या तयार कपड्यांची निर्यात वाढली की विदर्भातल्या कापसाच्या सुताला मागणी वाढते. तयार कपडे शिवणाऱ्यासाठी बांगलादेश प्रतिस्पर्धी आणि सूत कातणाऱ्यासाठी ग्राहक, तर ‘देशाचा क्रमांक’ या दोघांना एकच उत्तर कसा देणार?

मग तीन व्याख्या फळ्यावर आल्या. पहिली किमतीची: आपला माल परकीय मालापेक्षा स्वस्त पडतो का. दुसरी निकालाची: जगाच्या बाजारात आपला वाटा वाढतो का. तिसरी उत्पादकतेची, जी फोरमनं धरली होती: ज्या संस्था, धोरणं आणि घटकांवर देशाची उत्पादकता ठरते त्यांचा संच. यांच्या जोडीला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या औद्योगिक स्पर्धात्मकता आयोगाची १९८५ ची व्याख्या वाचली गेली. तिचा आशय असा: खुल्या आणि न्याय्य बाजारात देशाचा माल आणि सेवा टिकल्या पाहिजेत, आणि त्याच वेळी नागरिकांचं वास्तविक उत्पन्नही टिकलं आणि वाढलं पाहिजे.

‘त्याच वेळी’ या अटीवरून बैठकीत खडाजंगी झाली. इंजिनिअरिंगवाल्यांना रुपया स्वस्त करण्याची मागणी निवेदनात हवी होती. पण चलन पाडून निर्यात वाढवली तर पहिली अट पूर्ण होते आणि दुसरी मोडते: आयात केलेलं तेल, कोकिंग कोळसा, यंत्रांचे सुटे भाग महागतात आणि कामगाराच्या पगाराची खरेदीशक्ती घटते. ती मागणी गाळली गेली. माझ्या मते निवेदनाची इभ्रत या एका निर्णयानं वाचली.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे एकच प्रसिद्ध क्रमांक घेणं. सोपा, छापायला बरा. पण क्रमांक बदल मोजत नाही. २०१८ मध्ये फोरमच्या यादीत भारत ५८ वा होता, पुढच्या वर्षी ६८ वा झाला. दहा जागांची घसरण म्हटल्यावर मथळे झाले. प्रत्यक्षात गुण १०० पैकी जेमतेम ०.७ नं उतरले होते. मधल्या फळीत देश इतके खेटून असतात की अर्ध्या-पाऊण गुणात रांग उलटीपालटी होते. त्याच वर्षी व्हिएतनाम ६१.५ गुणांवर ६७ वा होता आणि भारत ६१.४ वर ६८ वा. या ०.१ ला अर्थ नाही. अर्थ होता तो आतल्या खांबांत, म्हणजे ज्या घटकांचे गुण मिळून एकूण गुण ठरतात त्यांत: बाजारपेठेच्या आकारात भारत जगात तिसरा आणि माहिती तंत्रज्ञानाच्या वापरात १२० वा. सरासरीनं हे दोन्ही पुसून टाकले.

दुसरा पर्याय म्हणजे स्वतःचा निर्देशांक बनवणं. सचिवांना हा फार आवडला आणि गटानं त्यावर बराच वेळ घातला. आठ निर्देशक, तीन देश, प्रत्येक निर्देशकात सर्वांत कमी देशाला शून्य आणि सर्वांत जास्त देशाला १००, मग सरासरी. चौथा देश म्हणून इंडोनेशिया घातला आणि आधीच्या तिघांतला क्रम बदलला, त्यांच्या एकाही आकड्याला हात न लावता.

हे का होतं, ते छोट्या उदाहरणानं कळतं. (पुढचे आकडे केवळ गणितासाठी आहेत.) पहिल्या निर्देशकात अ ला १०, ब ला ८, क ला ०. दुसऱ्यात अ ला ४, ब ला ५, क ला ३. शून्य ते शंभरच्या मापात अ चे १०० आणि ५०, सरासरी ७५. ब चे ८० आणि १००, सरासरी ९०. ब पुढे. आता ड आला, पहिल्यात ०, दुसऱ्यात १३. दुसऱ्या निर्देशकाची पट्टी ३ ते १३ अशी ताणली गेली, म्हणून अ चे १० आणि ब चे २० झाले. अ ची सरासरी ५५, ब ची ५०. अ पुढे. ज्यांना स्वतःचा निर्देशांक बनवायचाच आहे त्यांनी पट्टीची दोन्ही टोकं आधी बाहेरून ठरवून टाकावीत, आणि सरासरीत कोणत्या निर्देशकाला किती भार (महत्त्व) द्यायचा ते बदलून क्रम किती वेळा उलटतो तेही छापावं. इथे वेळ नव्हता, म्हणून हा पर्याय सोडला.

तिसरा पर्याय निवडला गेला: क्रमवारी सोडायची, प्रत्येक उद्योगासाठी त्याच्या प्रश्नाला लागू पडणारं माप घ्यायचं आणि शेजारी खरेदीदार देशातल्या आयात शुल्काचा रकाना ठेवायचा.

प्रत्यक्ष काय केलं

किमतीसाठी रिझर्व्ह बँकेचा वास्तविक प्रभावी विनिमय दर, म्हणजे आरईईआर, घेतला. ४० चलनं, आधार वर्ष २०१५-१६ बरोबर १००, दर महिन्याला प्रसिद्ध होतो. रुपयाची किंमत आणि महागाईतला फरक हे दोन्ही त्यात येतात. समजा भारतात महागाई ५ टक्के, भागीदार देशांत २ टक्के आणि रुपया सरासरी ३ टक्क्यांनी उतरला, तर १.०५ भागिले १.०२ गुणिले ०.९७, म्हणजे ०.९९८५. रुपया ‘घसरला’ तरी निर्यातदाराच्या हाती काही आलेलं नाही. निर्देशांक चढला की किमतीतली धार कमी झाली असं वाचायचं. काही देशांत दर उलटा मांडतात, त्यामुळे तुलना करताना आधी दिशा तपासावी लागते.

या मापात दोन उणिवा सापडल्या. हा दर ग्राहक किंमत निर्देशांकावर चालतो, आणि २०१२ आधार वर्षाच्या त्या निर्देशांकात खाद्यपदार्थांचा भार जवळपास ४६ टक्के होता. टोमॅटो-कांदा कडाडला की आरईईआर वर जातो, आणि हिंगण्यातल्या लेथवर तयार होणाऱ्या भागाचा खर्च मात्र तेवढाच राहतो. दुसरी उणीव: चलनांचे भार भारताशी असलेल्या व्यापारावर ठरतात. युरोपच्या बाजारात व्हिएतनाम आपल्याशी किती झुंजतो, ते त्यात धरलेलं नाही.

खर्चासाठी एकक श्रमखर्च काढला: कामगारामागचा खर्च भागिले कामगारामागची मूल्यवृद्धी (उलाढालीतून कच्चा माल, वीज आणि बाहेरची कामं वजा केल्यावर उरतं ते). ८०० रुपये रोजावर २,००० रुपयांची मूल्यवृद्धी करणारा कारखाना ०.४० वर येतो. ५०० रुपये रोजावर १,००० रुपयांची करणारा ०.५० वर. स्वस्त मजुरी असलेला महाग पडला. आकडे वार्षिक उद्योग पाहणीतून घेतले. २०२०-२१ आणि २०२१-२२ ची पाहणी फेब्रुवारी २०२४ मध्ये एकदमच आली, त्यामुळे ताजा आकडाही दोन वर्षं जुना आणि त्यातलं एक वर्ष टाळेबंदीचं. २०२०-२१ पाया धरला तर पुढची सुधारणा फुगून दिसते, म्हणून गटानं २०१९-२० पाया धरला. या मापावर विसंबून ‘मजुरी दाबा’ असा निष्कर्ष काढू नये, हेही टिपणात लिहिलं. अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९७८ मध्ये दाखवलं होतं की युद्धोत्तर काळात जर्मनी आणि जपान यांचा एकक श्रमखर्च तुलनेनं वाढत असतानाच त्यांचा निर्यातीतला वाटाही वाढत गेला. दर्जा, नवा माल, वेळेवर पुरवठा या गोष्टी खर्चाच्या रकान्यात बसत नाहीत.

फेरोअलॉयवाल्यांची बाब निराळीच निघाली. त्यांच्यातल्या एकानं बैठकीत विचारलं, “मॅडम, आमच्या टनाले वीज किती लागते, ते या क्रमवारीत कुठं दिसते?” सिलिकोमँगनीज या फेरोअलॉयच्या एका टनाला साधारण ४,००० युनिट वीज लागते. युनिटमागे एक रुपयाचा फरक म्हणजे टनामागे ४,००० रुपये. टनाला ७०,००० रुपये भाव धरला, तर आरईईआरमध्ये २ टक्के हालचाल म्हणजे १,४०० रुपये. या उद्योगाचा प्रश्न विजेच्या दराचा, आणि त्यांना टोचणारी तुलना शेजारच्या छत्तीसगडशी होती. राष्ट्रीय स्पर्धात्मकतेच्या कोणत्याही मापात ती दिसणार नव्हती.

निकालासाठी अर्थतज्ज्ञ बेला बलासा यांनी १९६५ मध्ये रूढ केलेलं माप वापरलं, प्रकट तुलनात्मक लाभ: देशाच्या निर्यातीत त्या मालाचा वाटा भागिले जगाच्या निर्यातीत त्या मालाचा वाटा. देशात ०.६ टक्के आणि जगात ०.२ टक्के असेल तर ३. एकपेक्षा जास्त म्हणजे त्या मालात देशाची पकड. सुतात ती पकड स्पष्ट होती. पण हे माप सरकारी निर्णयांनाही स्पर्धात्मकताच समजतं. जुलै २०२३ मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, डिसेंबरात कांद्याची. त्या वर्षीची घट शेतकऱ्याच्या नाकर्तेपणाची नाही.

संत्र्याचा पेच

सर्वांत जास्त वेळ संत्र्यानं खाल्ला, आणि तो योग्यच होता.

पहिली अडचण वर्गीकरणाची. नागपुरी संत्रा वनस्पतिशास्त्रानुसार मँडरिन गटातला. जागतिक शुल्क वर्गीकरणात संत्री ०८०५१० खाली आणि मँडरिन, २०१७ पासून, ०८०५२१ खाली. भारतीय नोंदींत आपला माल दोन्हीकडे आढळतो. फक्त मँडरिनचा आकडा घेतला तर निर्यात नगण्य, फक्त संत्र्याचा घेतला तर तुलना स्पेन-इजिप्तच्या वेगळ्याच फळाशी. गटानं दोन्ही शीर्षकं एकत्र केली आणि तुलना फक्त बांगलादेशच्या बाजारापुरती ठेवली.

दुसरी अडचण वर्षाची. आंबिया बहाराचा माल मुख्यतः नोव्हेंबर-डिसेंबरात निघतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. आंतरराष्ट्रीय आकडे जानेवारी ते डिसेंबर असतात, म्हणजे एक हंगाम मधोमध चिरला जातो. मासिक आकडे घेऊन ऑक्टोबर ते मार्च असा हंगाम जोडावा लागला.

एवढं करून बांगलादेशला जाणारा माल घटल्याचं दिसलं. निकालाच्या व्याख्येनुसार हा सरळ ‘स्पर्धात्मकतेचा ऱ्हास’. पण शेजारच्या शुल्काच्या रकान्यात उत्तर होतं: बांगलादेशनं आयात शुल्क २०१९ मधल्या किलोमागे २० टकांवरून (टका हे तिथलं चलन) २०२३ पर्यंत ८८ टकांवर नेलं होतं. बागेतला खर्च, फळाचा दर्जा, रुपयाचा दर यांपैकी कशानंही इतका फरक पडला नसता. २०२३ च्या अखेरीस राज्य सरकारनं निर्यातदारांना या शुल्काच्या निम्मं अनुदान देण्याची घोषणा केली, ती याच भाराची कबुली होती. सुताच्या पुढच्या साखळीतही तेच. बांगलादेशी कपडा अतिअविकसित देश म्हणून युरोपात विनाशुल्क जातो, व्हिएतनामचा युरोपीय संघाशी करार १ ऑगस्ट २०२० पासून लागू आहे, आणि त्या वेळी भारतीय तयार कपड्यांना साधारण ९ ते १२ टक्के शुल्क पडत होतं.

फलित

निवेदन एकाऐवजी तीन निघाली. संत्र्याचं आणि कपड्यांचं वाणिज्य मंत्रालयाकडे, शुल्क आणि व्यापार करारांच्या मुद्द्यावर, विजेचं राज्याकडे, आणि इंजिनिअरिंगचं उत्पादकतेवर, यंत्रं बदलण्यासाठीच्या कर्जाची मागणी करणारं. पहिल्या पानावर क्रमांक नव्हता. कार्यकारिणीतल्या दोघांना ते शेवटपर्यंत पटलं नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं: प्रसिद्धीपत्रक घेऊन आलेल्या वार्ताहरांनी पहिला प्रश्न क्रमांकाचाच विचारला आणि छापून आला तो आयएमडीचा २०२३ चा ४० वा. तीन निवेदनांतलं एकही वाक्य त्या बातमीत नव्हतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक बँकेनं डुइंग बिझनेसच्या जागी ‘बी-रेडी’चा पहिला अहवाल काढला. ५० अर्थव्यवस्थांत व्हिएतनाम आणि बांगलादेश होते, भारत नव्हता. निवेदन त्यानुसार अद्ययावत करा, अशी सूचना आली. गटानं ती स्वीकारली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

व्याख्येची बैठक पहिली व्हायला हवी होती. ‘हा आकडा वाचून अधिकाऱ्यानं कोणता निर्णय घ्यावा?’ हा प्रश्न आधी विचारला असता, तर स्वतःच्या निर्देशांकावर गेलेला वेळ वाचला असता, कारण त्या निर्देशांकातून कुठलाच निर्णय निघत नव्हता.

वार्ताहरांसाठी एका आकड्याची तयारी ठेवायला हवी होती. ८८ टका हा तो आकडा होता. तो खरा होता, समजायला सोपा होता आणि मागणीशी थेट जोडलेला होता. पत्रकात तो दुसऱ्या पानावर राहिला.

निर्यात एकूण किमतीत मोजली, देशात झालेल्या मूल्यवृद्धीत मोजली नाही. व्हिएतनामच्या इलेक्ट्रॉनिक्स निर्यातीत आयात केलेल्या भागांचा वाटा मोठा आहे. त्यांची एकूण निर्यात पाहून इंजिनिअरिंगवाले जितके धास्तावले, तितकं कारण नव्हतं. मुख्यतः श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेचे मूल्यवृद्धीनुसार व्यापाराचे आकडे उशिरा येतात, पण देशांतर्गत हिस्सा भराभर बदलत नसल्यानं जुना आकडाही कामाला आला असता.

आणि जिल्ह्याचा खर्च कोणत्याही राष्ट्रीय आकडेवारीत नव्हता. लॉजिस्टिक्स निर्देशांकात २०२३ मध्ये भारत १३९ पैकी ३८ वा आला, बंदरातला कंटेनरचा मुक्काम कमी झाला हे त्यामागचं एक कारण. नागपूरहून न्हावाशेवा बंदरापर्यंतचे साडेआठशेच्या आसपास किलोमीटर त्यात येत नाहीत. सभासदांकडून सुरुवातीलाच सहा रकान्यांचा तक्ता भरून घेता आला असता: कारखान्यातून बंदरापर्यंतचं कंटेनरमागे भाडं, त्या प्रवासाचे दिवस, टनामागे विजेची युनिटं आणि दर, कामगारामागची मूल्यवृद्धी, आयात कच्च्या मालाचा खर्चातला हिस्सा, आणि खरेदीदार देशातलं शुल्क. पुढच्या निवेदनासाठी संघटनेनं हा तक्ता तिमाही भरून घ्यायला सुरुवात केली आहे. भाड्याचा रकाना बहुतेक जण भरतात. मूल्यवृद्धीचा बहुतेकांचा रिकामा येतो, कारण ती उलाढालीतून कच्चा माल, वीज आणि बाहेरची कामं वजा करून काढायची असते आणि लहान कारखान्यांच्या हिशेबात बाहेरची जॉबवर्क मजुरीतच मिसळलेली असते. सीए आता आधी तेवढं वेगळं करून देत आहेत.